चांगली शाळा कशी ओळखायची? तपासणीच्या दोनशे वर्षांची गोष्ट

(कोलाड येथे पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पुढच्या रांगेत निवृत्त गुरुजी बसले आहेत, मागे तरुण आईबाप आहेत, काही जणींच्या मांडीवर पोरं आहेत. एवढी गर्दी इतिहासाच्या व्याख्यानाला आलेली नाही, हे मला ठाऊक आहे. निमंत्रण द्यायला आलेल्या मंडळींनी मला सरळच सांगितलं, "सर, इतिहास सांगा, पण आमच्या डोक्यात प्रश्न वेगळा आहे. पोराला वाडीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवायचं, की सकाळी नाक्यावर येणाऱ्या पिवळ्या गाडीत बसवायचं?"

याचं उत्तर मी देणार नाही. ते तुमच्या घरात ठरेल. पण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. शाळा चांगली की वाईट, हे ठरवायचं कशावरून? हा प्रश्न मात्र जुना आहे. सरकार, साहेब, मास्तर आणि गावकरी गेली दोनशे वर्षं त्याची वेगवेगळी उत्तरं देत आले आहेत. आज मी ती उत्तरं तुमच्यासमोर मांडणार आहे.

कोलाडच्या माणसाला रस्ता चांगला की वाईट, हे कुणी सांगावं लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून इथला प्रत्येक जण रस्त्याचा परीक्षक झालेला आहे. (हशा.) खड्डा बसला की कंबर सांगते. शाळेचं तसं नाही. शाळेतला खड्डा वीस वर्षांनी लागतो. पोरगं मोठं होतं, बँकेत फॉर्म भरायला दुसऱ्याच्या हातापाया पडतं, तेव्हा कळतं की चौथीत असतानाच काहीतरी राहून गेलं होतं. म्हणून शाळेची परीक्षा आपल्यासाठी दुसरं कुणीतरी करत आलं. ती कोणी केली, त्यांनी काय मोजलं, आणि मोजताना कोण सुटलं, एवढंच आज बघायचं आहे.

सुरुवात पंतोजीपासून करू. इंग्रजी अंमल नवीन होता, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता, तेव्हा सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांच्या कलेक्टरांना विचारलं की तुमच्याकडे देशी शाळा किती आणि त्यांत मुलं किती. पुढे १८२९ च्या सुमारास सगळी गोळाबेरीज झाली, तेव्हा अख्ख्या मुंबई इलाख्यात १,७०० च्या आसपास शाळा आणि ३५ हजारांवर मुलं निघाली. ही कागदपत्रं पुढे रा. वि. परुळेकर या अभ्यासकाने शोधून, नीट लावून छापली, म्हणून आज आपल्याला माहीत आहेत. परुळेकरांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

त्या शाळा कशा होत्या? कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात. धूळपाटीवर अक्षर गिरवायचं, पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी म्हणायची, मोडी वाचायची. छापील पुस्तक नाही, इयत्ता नाही, वार्षिक परीक्षा नाही. मग पंतोजी चांगला की वाईट, हे कसं ठरायचं? पालक ठरवायचा. पोराला हिशेब आला, आलेलं पत्र वाचता आलं, तर पंतोजीला धान्य आणि पैसा मिळायचा. नाही आलं, तर पोरगं दुसरीकडे जायचं. तपासणी रोज संध्याकाळी घरीच व्हायची.

हे ऐकून काही जणांना वाटेल, वा, किती छान होतं. जरा थांबा. त्या ओसरीवर मुली जवळजवळ नव्हत्या. महार, चांभार, कातकऱ्यांची मुलं नव्हती. शाळेची परीक्षा पालक घेत होता हे खरं, पण ज्याच्याकडे द्यायला धान्य होतं आणि ज्याची सावली ओसरीवर चालत होती, तोच पालक. म्हणजे आपल्या गोष्टीच्या पहिल्याच पानावर एक गोम आहे. शाळा चांगली होती, पण जे आत होते त्यांच्यासाठी. बाहेरच्यांना कुणी मोजलंच नव्हतं.

आता साहेबाकडे येऊ. १८५४ मध्ये वुडचा खलिता आला आणि दुसऱ्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं. इयत्ता ठरल्या, पुस्तकं ठरली आणि तपासायला डेप्युटी इन्स्पेक्टर आले. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी त्याचं 'दिपोटी' झालं. दिपोटी वर्षातून एकदा येणार, इयत्तावार मुलं उभी करणार, वाचायला लावणार, गणित घालणार आणि किती पास, किती नापास याचा आकडा वर पाठवणार. त्या आकड्यावर शाळेची अब्रू.

याच काळात इंग्लंडमध्ये एक मोठा प्रयोग चालू होता. १८६२ पासून तिथे शाळेला मिळणारं अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणित या तीन विषयांच्या निकालावर बांधलं गेलं. मूल नापास, तर त्याच्या नावाचे पैसे कापले. ऐकायला हे फार न्यायाचं वाटतं. काम करा आणि दाम घ्या. पण झालं काय? मास्तरांनी ते ठरावीक पुस्तकच पोरांकडून घोकून घेतलं. मॅथ्यू आर्नल्ड हा इंग्रजीतला मोठा कवी आणि टीकाकार पोटापाण्यासाठी शाळा तपासनीस होता. त्याने आपल्या अहवालांत सांगितलं की मुलं पुस्तक धडाधड म्हणतात, पण त्यांना वाचता येतं असं नाही. इतिहास, भूगोल, गाणं, जे जे परीक्षेत नव्हतं ते ते वर्गातून हळूहळू निघून गेलं. 'निकालावर पैसा' ही पद्धत आपल्याकडेही आली आणि मुंबई इलाख्यात खाजगी शाळांची अनुदानं त्याच तत्त्वावर वाटली जात. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सोडून द्यावी लागली.

यातून पहिला धडा घ्या. मोजपट्टीला पोट बांधलं की माणूस पट्टीच वाकवतो. यात मास्तर लबाड असतो असा अर्थ नाही. त्याच्या घरी चूल असते.

१८८२ मध्ये हंटर आयोग आला. त्याच्यापुढे पुण्याहून जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष करून सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर पैसा घालतं, हा त्यातला मुख्य मुद्दा आपण शाळेत शिकलो आहोत. पण त्याच निवेदनात तपासणीबद्दल एक छोटा परिच्छेद आहे, तो सहसा कुणी वाचत नाही. जोतीराव म्हणतात, डेप्युटीची वर्षातली एक फेरी जवळजवळ निरुपयोगी आहे. तपासणी निदान तीन महिन्यांनी एकदा व्हावी आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता व्हावी. गावच्या अधिकाऱ्यांवर हे काम सोपवू नका, त्यांना दुसरी शंभर कामं असतात, त्यांची तपासणी वरवरची होते.

वर्दी न देता, हे शब्द कोलाडकरांना पटकन कळतील. आपली कुंडलिका बघा. भिऱ्याकडून पाणी सुटलं की सकाळी नदी कशी फुगून वाहते. मुंबईचा पाहुणा त्या वेळी येतो, राफ्टिंग करतो, फोटो काढतो आणि घरी जाऊन सांगतो की काय नदी आहे! पाणी ओसरल्यावर खडकांतून चालत पलीकडे जाणारा गडी त्याला भेटलेलाच नसतो. पाहुणा खोटं बोलत नाही. त्याने ठरल्या वेळची नदी पाहिली. दिपोटी ठरल्या वेळची शाळा पाहायचा.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. शाळेचं आणि गावाचं नाव सांगत नाही, कारण हे बहुतेक ठिकाणी घडायचं. उद्या तपासणी आहे म्हटलं की आदल्या दिवशी शेणाने जमीन सारवायची, तक्ते लावायचे, हुशार पोरं पुढे बसवायची. आमच्या वर्गात एक मुलगा होता. चार दिवस यायचा, आठ दिवस रानात. त्याला वाचता येत नव्हतं. तपासणीच्या आदल्या दिवशी मास्तर त्याच्याजवळ गेले, पाठीवर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "उद्या नाही आलास तरी चालेल हो." तो खूश झाला. आम्हाला त्याचा हेवा वाटला. साहेब आले, आम्ही कविता म्हटली, साहेबांनी शेरेबुकात छान शेरा लिहिला. तो शेरा खोटा नव्हता. जे आम्ही समोर होतो, त्यांच्यापुरता तो खराच होता.

मला शाळा तपासणीचा इतिहास लिहावासा वाटला तो त्या मुलामुळे. तो आकड्यात कुठे आहे, हे मी कागदांत शोधत राहिलो.

पुढे चला. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. गोखले आपल्या कोकणातले, कोतळूकचे. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. पैसा नाही, लोकांची मागणी नाही, अशी कारणं पुढे आली. शाळा वाढवण्याऐवजी आहेत त्या सुधारा, हाही सूर त्या काळात सारखा लागत होता. गोखल्यांचं म्हणणं उलट होतं. आधी निरक्षरता घालवा, शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न त्याच्या नंतरचा आहे. 'दर्जा' हा शब्द कसा वापरला जातो ते बघून ठेवा. दर्जा सांभाळायचा म्हणून सगळ्यांना शाळा द्यायची नाही, असंही करता येतं.

१९२३ मध्ये मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. शिक्षणमंत्री होते रँग्लर परांजपे, तेही कोकणातलेच, दापोलीजवळच्या मुर्डीचे. प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. त्याच वर्षी सी. के. बोल्यांचा ठराव विधिमंडळात पास झाला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव झाला, पण गावोगावी पोरं व्हरांड्यातच बसत होती. दिपोटीच्या निकालाच्या तक्त्यात पास आणि नापास असे रकाने होते. व्हरांड्याचा रकाना नव्हता.

आता मी ज्या तारखेसाठी इथवर आलो ती सांगतो. १२ मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नुकतेच मुंबई विधिमंडळाचे सदस्य झाले होते. शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा होती. इतर सभासद शाळा किती वाढल्या, मुलं किती वाढली ते सांगत. बाबासाहेबांनी दुसराच हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शिरलेल्या दर १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. उरलेली ८२ मध्येच सुटतात आणि पुन्हा निरक्षर होतात. मग त्यांनी प्राथमिक शाळेचा हेतू सांगितला. शाळेच्या दारातून आत गेलेलं प्रत्येक मूल साक्षर होऊन, आणि पुढे आयुष्यभर साक्षर राहील अशा टप्प्यावर, बाहेर पडलं पाहिजे. हे होत नसेल तर खर्च वाया. आणि खर्चाबद्दलही ते बोलले. दारूच्या करातून लोकांकडून जेवढं घेता, निदान तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला.

यानंतर आठच दिवसांत, १९ आणि २० मार्चला, ते महाडला होते. आपल्याच कुलाबा जिल्ह्यात, याच रस्त्याने पुढे गेलं की लागतं ते महाड. चवदार तळ्याची गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको. पण त्या आठवड्यातली ही दोन कामं मला एकमेकांजवळची वाटतात. तळं सार्वजनिक आहे असं कागदावर लिहिलेलं होतं. महाडला विचारलं गेलं, मग पाणी कोण पितं? शाळा सार्वजनिक आहे असं कागदावर लिहिलेलं होतं. विधिमंडळात विचारलं गेलं, मग शिकून बाहेर कोण पडतं?

बाबासाहेबांची मोजपट्टी आधीच्या सगळ्या पट्ट्यांहून वेगळी आहे. दिपोटी विचारायचा, समोर बसलेल्यांत किती पास? बाबासाहेब विचारतात, आत आलेल्यांपैकी किती जण पोचले? पहिल्या प्रश्नात "उद्या नाही आलास तरी चालेल" म्हटलं की निकाल सुधारतो. दुसऱ्या प्रश्नात तसं म्हटलं की निकाल बिघडतो. आमच्या वर्गातला तो मुलगा मला कागदावर पहिल्यांदा सापडला तो इथे, त्या ८२ मध्ये.

दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, हार्टोग समितीचा अहवाल आला. तिनेही गळती आणि एकाच इयत्तेत अडकून पडणं या दोन गोष्टींवर बोट ठेवलं. निदान बाबासाहेबांसारखंच, पण औषध वेगळं. समिती म्हणाली, आता विस्ताराची घाई नको, आहे ते पक्कं करा. आणि इथे आपले परुळेकर पुन्हा येतात. १९३० च्या दशकात त्यांनी या विचाराला जोरदार विरोध केला. लाखो मुलांना शाळाच नाही आणि तुम्ही दर्जाच्या गोष्टी करता? एका शिक्षकाला दोन पाळ्यांत शिकवू द्या, वर्ग मोठे करा, पण आधी सगळ्यांना आत घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याबरोबर काम केलेले जे. पी. नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. समता, गुणवत्ता आणि संख्या, या तिघांना एकत्र बांधणारा त्रिकोण आपल्याला का साधत नाही, यावर नाइकांनी १९७५ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

परुळेकर बरोबर की हार्टोग? मला विचाराल तर प्रश्नच चुकीचा लावला गेला. गुणवत्ता म्हणजे आत असलेल्यांचे गुण, असं धरलं की संख्या आणि गुणवत्ता एकमेकांच्या वैरी होतात. कमी मुलं घ्या, निकाल चांगला लागेल. पण गुणवत्ता म्हणजे आत आलेल्या प्रत्येकाला बाहेर पडताना वाचता येणं, असं धरलं की वैर निम्मं संपतं. कारण मग मूल गाळून शाळा चांगली होऊच शकत नाही.

आता आपल्या काळात येऊ. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. वाडीवस्तीवर शाळा पोचली, हे या राज्याने केलेलं फार मोठं काम आहे, ते विसरू नका. १९८६ च्या धोरणातून खडू-फळा योजना आली. तेव्हा मोजपट्टी होती, खोल्या किती, शिक्षक किती, फळा आहे का. २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. एक किलोमीटरच्या आत शाळा, ३० मुलांमागे एक शिक्षक, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं. पुन्हा मोजायला सोप्या गोष्टी. या हव्यातच. पण छप्पर चांगलं म्हणून पोरगं वाचतंच असं नाही.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. तीन दिवस, सगळ्या शाळांत, आणि एकच मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. पटावर नाव आहे आणि मूल नाही, असं राज्यात भरपूर सापडलं. का? कारण अनुदान आणि शिक्षकांची पदं पटाच्या आकड्यावर बांधलेली होती. इंग्लंडमधल्या १८६२ ची आठवण झाली ना? पट्टी बदलली. वाकवणं तेच राहिलं.

मग शाळासिद्धी आली. ७ क्षेत्रं, ४६ मानकं, शाळेने स्वतःच स्वतःला श्रेणी द्यायची. इथे बसलेल्या गुरुजींनी ते फॉर्म भरलेत, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसतंय. (हशा.) त्या फॉर्मात वाईट काही नाही. पण ४६ प्रश्न विचारले की एक महत्त्वाचा प्रश्न गर्दीत हरवतो.

तो एक प्रश्न उघडपणे विचारला तो 'असर' या पाहणीने. २००५ मध्ये 'प्रथम' संस्थेने ती सुरू केली. त्यांची युक्ती साधी होती. शाळेत जायचंच नाही, मुलाच्या घरी जायचं. पटावर असो नसो, त्या दिवशी हजर असो नसो, अंगणात बसवायचं आणि एक कागद पुढे धरायचा. अक्षर, शब्द, चार ओळींचा परिच्छेद, आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट. वाचता येतं का? ग्रामीण भारतात ती दुसरीची गोष्ट सलग वाचू शकणारी पाचवीतली मुलं गेल्या काही पाहण्यांत निम्म्याच्या आसपासच भरतात. आज बहुतेक सगळी मुलं चौथीपर्यंत पोचतात, म्हणजे १९२७ चा आकडा सुधारला म्हणायचा. पण गळती थांबली तरी गळणं थांबलंय का? पूर्वी मूल वर्गाबाहेर निरक्षर व्हायचं. आता वर्गात बसून राहण्याचा धोका आहे.

आणि पिवळ्या गाडीचं काय? खाजगी शाळेतली मुलं वाचनात पुढे दिसतात, हे खरं आहे. पण घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, शिकवणी हे सगळं हिशेबात घेतलं की तो फरक बराच कमी होतो, हे अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. म्हणजे त्या पुढे असण्यात बराचसा वाटा तुमच्या घराचा असतो आणि पावती शाळेच्या नावाने फाटते. तसंच शिष्यवृत्तीच्या फलकाचं. रोह्याचं नाव निघालं की चिंतामणराव देशमुखांचं नाव निघतं. १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले, अभिमान आहेच. पण एका चिंतामणरावावरून शाळा मोजू नका. तसला मुलगा कुठेही शिकतो. शाळेची परीक्षा शेवटच्या बाकावर असते.

२०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून जास्त. कोकणात आणि आपल्या डोंगरवाड्यांत त्या पुष्कळ. कोठारी आयोगानेही शाळांचे समूह सुचवले होते, पण तिथे जवळजवळच्या शाळांनी आपापल्या जागी राहून एकमेकींना मदत करायची अशी कल्पना होती. आता मात्र 'पट' हीच शाळेच्या जगण्यामरण्याची पट्टी होऊ पाहते आहे. मोठ्या शाळेत मुलांना सोबत मिळते, विषयाला शिक्षक मिळतो, हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. पण सहा वर्षांची पोर पावसात ओढा ओलांडून गाडीपर्यंत येईल का, हा प्रश्न पटाच्या आकड्यात नसतो.

(श्रोत्यांतून एक निवृत्त शिक्षक: "सर, दिवाळी झाली की आमच्या वाडीवरचे कातकरी भट्टीवर जातात. वीटभट्टी, कोळसाभट्टी. पोरं घेऊन जातात. येतात ती पावसाच्या तोंडावर. त्यांना वाचता आलं नाही तर तो शिक्षकाचा दोष का?")

गुरुजी, नाही. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. म्हणूनच मी सुरुवातीला इंग्लंडची गोष्ट सांगितली. बाबासाहेबांची पट्टी घेऊन तुम्ही शिक्षकाचा पगार कापायला निघालात, तर उद्या त्या कातकऱ्याच्या पोराचं नाव पटावरच येणार नाही. पट्टी शिक्षा द्यायला वापरायची नाही, शोधायला वापरायची. ते मूल कुठे आहे? हंगामी वसतिगृह आहे का? जाताना शिक्षण हमी कार्ड दिलं का? भट्टीजवळच्या शाळेला कळवलं का? हे एकट्या मास्तराचं काम नाही. गावाचं आहे.

आणि गावाला ते करता येतं. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिलेली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. बहुतेक ठिकाणी समिती म्हणजे सहीपुरती. या महिन्याच्या बैठकीत एवढं करून बघा. शाळेचं जनरल रजिस्टर उघडा. ज्या वहीवरून तुम्ही पोराच्या दाखल्याची तारीख काढता, तीच वही. पाच वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झालेल्या मुलांची नावं एका कागदावर उतरवा. समजा सोळा आहेत. मग एकेका नावापुढे लिहा, हे मूल आज कुठे आहे आणि त्याला दुसरीच्या पुस्तकातलं एक पान वाचता येतं का. घरी जाऊन, प्रेमाने, खाऊ देऊन वाचून घ्या. शाळा सोडून गेलेल्याचाही पत्ता काढा. सोळापैकी किती? तो आकडा फलकावर लावू नका, वर पाठवू नका. बैठकीत ठेवा आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी काय करायचं ते ठरवा. शिक्षकांनाही त्याचा जाच वाटणार नाही. उलट, इतकी वर्षं एकट्याने ओढलेल्या गाड्याला हात लागला असं वाटेल.

पिवळ्या गाडीत पोर बसवणाऱ्या पालकांनीही तिथल्या शाळेला हाच प्रश्न विचारावा. पहिल्या क्रमांकाचा फोटो दाखवू नका, जी मुलं पहिलीत घेतली होती ती सगळी कुठे आहेत ते सांगा.

मघाशी सांगितलेला तो मुलगा मला पुढे एकदा भेटला. आम्ही दोघंही तेव्हा पन्नाशीकडे आलो होतो. मला ओळखलं, हात धरला, चहा पाजला. निघताना खिशातून एक कागद काढला, कसल्याशा कर्जाची नोटीस होती. म्हणाला, "वाच रे जरा, काय लिवलंय?" मी वाचून दाखवली. त्या शाळेच्या शेरेबुकात त्या वर्षीचा चांगला शेरा अजून असेल. ज्याने तो शेरा लिहिला त्या साहेबाचा राग मला येत नाही. त्याला त्या दिवशी कुणी सांगितलंच नव्हतं की वर्गात एक जण कमी आहे.

तुम्ही शाळेत जाल तेव्हा आधी तेवढं विचारा. आज कोण आलं नाही?